शिट्टी घालणारं भांडं

शालन माझी धाकटी जाऊ. मुरगूडहून लग्न होऊन आमच्या कुंभार गल्लीत आली, तेव्हापासून माती तुडवते, मळते, माठ थापटून वाढवते. चाकावर तेवढी बसत नाही. आमच्यात बाईनं बसायचंच नसतं, का ते कुणी सांगत नाही. तिचा नवरा वारला आणि चाक, भट्टी सगळं मधल्या दिराच्या, पिराजीच्या ताब्यात गेलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं, तेजस्वीनं, तिला मोबाईलवर एक जुनं भांडं दाखवलं. लांबच्या पेरू देशातलं, हजारभर वर्षांमागचं. दोन पोटं, मधे नळी, वर मातीचं पाखरू. आत पाणी घालून कलंडवलं की पाणी हवेला ढकलतं आणि पाखरू शिट्टी घालतं. शालननं तसलं करायचा ध्यासच घेतला. कितीतरी बिघडली, परत चिखलात गेली. एक मनासारखं जमलं, पण भाजल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं.

ते वाळताना पिराजीनं बघितलं आणि गल्ली गोळा केली. असलं गोल पोट चाकाशिवाय होत नाही, ही चोरून चाकावर बसली, हिचं काही भट्टीत जाणार नाही, म्हणाला. आयाबायाही त्याच्याच बाजूच्या. कुंभाराच्या जातीला गोल म्हटलं की चाकच दिसतं. शालननं तिथंच एक मडकं पालथं घातलं, राख भुरभुरली, वर मातीची पोळी थापली आणि अर्धं पोट सोडवून दाखवलं. अशी दोन अर्धी जोडली की झालं गोल पोट, त्या देशात चाक नव्हतंच, म्हणाली. पिराजीला भट्टीला नाही म्हणता येईना.

मग त्यानं तिचं भांडं मुद्दाम जाळाच्या तोंडाशी ठेवलं. तिथं तडकणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. शालननं ते उचललं आणि त्याच्या माठांच्या मधोमध नेऊन बसवलं.

"भावजी, हे बंद पोटाचं हाय. जाळ एकदम वाढवलासा तर फुटंल, आणि तुमचे शेजारचे माठ घेऊन फुटंल."

"तोंड लई सुटलंय तुझं."

"जाळाकडं बघा की."

पिराजी दिवसभर जपून लाकूड सारत आणि तिला शिव्या घालत बसला. मी चहा नेला तर माझ्यावरही खेकसला. चहा मात्र प्याला.

भट्टी निवली, भांडं धड निघालं. शालननं पाणी घालून ते कलंडवलं. बारीक, लांब शिट्टी आली.

"जा, घरात जाऊन वाजीव," पिराजी म्हणाला.

ती हलली नाही. तिथंच, त्याच्या समोर, तिनं भांडं पुन्हा कलंडवलं.