फळ्यावरचा पुसलेला भाव

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा माफ करा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात यांनाही नाही.

इकडे हिंदी मुलखात, पलासिया भागाच्या मागच्या गल्लीत मी दुपारची मेस चालवते. पोळी, भाजी, वरण-भात, वर मूठभर शेव. कोचिंगची मुलं, ऑफिसातली माणसं — बहुतेक सगळे महिन्याचे पैसे देतात. अधूनमधून येणाऱ्यांसाठी दाराशी फळा आहे. त्यावर रोज खडूने जेवण लिहिते आणि सगळ्यात खाली भाव — थाळी ७०. मराठी आकड्यांत. मला तेच येतात.

नीमा टांझानियाहून आली होती. कॉलेजांची काहीतरी अदलाबदल होती — इथली मुलगी सहा महिने तिकडे, तिकडची इकडे. पहिल्या दिवशी जेवून तिने मोडक्या हिंदीत विचारलं, कितना? आणि मी — राहिलेले पैसे मागताना जिची जीभ रेटत नाही ती मी — एकशे चाळीस म्हणाले. का म्हणाले? परदेशातून आलीय, हिला काय कमी, असं वाटलं असेल. तिने दिले. मग दुसऱ्या वेळी सत्तर कसे सांगायचे?

ती सोमवार, बुधवार, शुक्रवार यायची. बाकीचे दिवस कॉलेजच्या कँटीनमध्ये जेवत असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

पुढे तिला आपली अक्षरं शिकायची हौस आली. म्हणाली, सिखाओ ना, काकी. मला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. फळ्यासमोर उभं राहून मी तिला व शिकवला, भ शिकवला. ती वरण वाचू लागली, भात वाचू लागली. आणि तेव्हापासून ती यायच्या आधी मी खालची ओळ पदराने पुसू लागले. आकडे तिला शिकवलेच नाहीत. बँकेतले एक नेहमीचे गृहस्थ एकदा म्हणाले, "काकीजी, भाव पुसला म्हणजे आज फुकट समजायचं का?" सगळे हसले. मीही हसले, त्यांच्या ताटात आणखी शेव घातली.

एका मंगळवारी बटाटे संपले म्हणून भरदुपारी बाहेर पडले. कॉलेजच्या पायऱ्यांवर नीमा एकटी बसली होती, कागदाच्या पुडीतले कुरमुरे खात. मी विचारलं, जेवली नाहीस? ती अगदी सहज म्हणाली, "एक दिन छोड़के खाती हूँ, काकी. रोज का नहीं जमता." आणि पुडी माझ्यापुढे धरली.

तेव्हा सांगायला हवं होतं ना? एकच तर वाक्य होतं. मी सांगितलं नाही. तिच्या पुडीतले कुरमुरे खाल्ले — आणि बटाटे घेऊन घरी आले.

त्यानंतरही ती एकशे चाळीस देत राहिली, मी घेत राहिले. भाव उतरवला तर सगळं कळेल, ही भीती. तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढायची. ती कुणासाठी होती — तिच्यासाठी, की माझ्यासाठी?

जायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. मी पैशांचं पाकीट तयार ठेवलं होतं. अठ्ठावन्न वेळा ती माझ्याकडे जेवली होती, दर वेळी सत्तर जास्तीचे. कुठे लिहिलं नव्हतं, पण एक दिवस विसरले नव्हते. खरं सांगूनच द्यायचं, असं सकाळपासून घोकत होते. तोंडातून निघालं ते भलतंच — आमच्याकडे रोजच्या पैशातले थोडे बाजूला ठेवतात, माणूस जाताना परत देतात, इथली रीत आहे.

"कितनी अच्छी रीत है, काकी," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

पाकीट ती तसंच पिशवीत टाकत होती. मीच तिला मोजायला लावलं. चार हजार साठ. पूर्ण.