मामा शून्यापासून मोजायचे

"शून्यापासून, सर. एकपासून न्हाय." असं म्हणत मामा लंबकाचा गोळा दोन बोटांत धरायचे, डोळे बारीक करायचे आणि सोडताना हलकेच म्हणायचे, "शून्य." गोळा जाऊन परत आला की मग, "एक."

नळदुर्गच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. मामा प्रयोगशाळेत मदतनीस होते, तेही कच्चे. चौदा वर्षं मान्यतेची वाट बघत होते. पोरं मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुठली वस्तू कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक चहापोह्याला बसले की मामांनी टेबलांमधून फिरायचं आणि हळूच उत्तरं सांगायची. "लंबकाला नऊ पॉइंट आठ आणा," म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा. मग पोरं उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग भरायची. सगळ्यांना तीसपैकी तीस. संस्था खूश, पालक खूश, मीही खूश.

एकदा मी जर्नल तपासत होतो, तर मामा समोर येऊन उभे. "सर, ह्ये नऊ पॉइंट आठ म्हंजी काय? लई वर्सं झाली सांगतोय म्या, पन मलाच ठाव न्हाय."

मी अकरावीचं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. खरं तर कटवलंच त्यांना. म्हटलं, "वाचा मामा, अडलं तर विचारा."

आठवड्यात पुस्तक परत आलं. "अडलं. नववीचं द्या." नववीचंही परत आलं. मग सातवीचं. शेवटी नातीचं पाचवीचं पुस्तक काखेत घेऊन आले, आणि चेहरा काय खुललेला! "सर, सापडलं! कुठं निसटलो ते सापडलं!"

"कुठं?"

"अपूर्णांकात."

पाचवीत असताना दिवाळीनंतर आईबापाबरोबर ते ऊसतोडीला गेले होते. उसाच्या पाल्याच्या झोपडीत, कोपीत, सहा महिने काढून परत आले, तोवर वर्गात अपूर्णांक होऊन गेले होते. "छेद सारका करायचा, ह्येच कुनी सांगितलं न्हाय मला. तितनं पुढचं समदं नुसतं पाठ केलं, आन् मग शाळाच सुटली."

पन्नाशीचा माणूस प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून एकतृतीयांश अधिक एकचतुर्थांश करायचा, आणि आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. "काय मामा, इंजिनिअर होताय का काय?" ते चिडायचे नाहीत. "पास कुठं व्हायचंय सर? कळलं पायजे, बास."

तीन वर्षांनी ते पुन्हा अकरावीच्या पुस्तकाशी आले. एका दुपारी दोरा, गोळा आणि घड्याळ घेऊन स्वतः प्रयोगाला बसले. उत्तर आलं दहा पॉइंट आठ. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी म्हटलं, "घड्याळ बिघडलं असेल, सोडा हो." त्यांनी काही सोडलं नाही. चौथ्या दिवशी मी शिकवत असताना वर्गाच्या दारात उभे.

"सर, गोळा सोडतानाच आपुन 'एक' म्हनतो. तवा झोका झालेलाच नसतो की! वीस मोजलं तरी झोकं एकोनीसच व्हतेत."

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं पोरांना "एक" म्हणून गोळा सोडायला मीच शिकवलं होतं. उत्तर कुणी खरं काढतच नव्हतं, मग चूक दिसणार कुठून?

त्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी मामा म्हणाले, "सर, यंदा म्या उत्तरं सांगनार न्हाय. यील ते लिहू द्या पोरांना." मी म्हटलं, "बरं." हे माझं "बरं" ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं कुजबुजत विचारलं, "मामा, किती आणू?"

"शून्यापासून मोज, पोरी. यील ते लिही."

कुणाचं नऊ पॉइंट सहा आलं, कुणाचं दहा, दोघांचं तर चौदा. परीक्षकांनी सपासप मार्क कापले. पालक कॉलेजवर आले, नुसती बोंबाबोंब. संस्थेच्या सचिवांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा," मामा म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"सर, तुम्हाला माहीत होतं हे?"

माझीही मान्यता तेव्हा अडकलेली होती. "मला काही कल्पना नव्हती," मी म्हणालो. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. अकरावीचं पुस्तक कॉलेजचं होतं, तेही त्याच्याशेजारी ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमास्नी पोरंबाळं हायेत, सर. असू द्या." त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसरा झाल्यावर ते बायकोला घेऊन पुन्हा ऊसतोडीला गेले. ज्या कामानं त्यांची पाचवी नेली, त्याच कामाला. जानेवारीत कारखान्याच्या वाटेवर एका वळणाला उसाची ट्रॉली कलंडली. मामा वर बसले होते. खाली सापडले.

मी घरी गेलो तेव्हा त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली, आत गेली आणि खताच्या पिशवीचं कव्हर घातलेली वही घेऊन आली. "सरांना दाखवायची हाय, म्हनायचे. मी म्हनलं, मंग जावा की. तर वही पुन्हा ठिवून द्यायचे."

मी तिथंच वही उघडली. शेवटच्या पानावर ट्रॉलीचं चित्र होतं. दोन चाकं, वर उंच रचलेला ऊस, आणि मधोमध खाली येणारा एक बाण. बाणाशेजारी लिहिलं होतं, 'वजन'. बाण अगदी जिथं हवा तिथूनच, गुरुत्वमध्यातून, काढला होता. त्याखाली पेन्सिलीनं चार ओळी होत्या:

"थर उंच केले की ट्रॉली वळणावर का कलंडते? मुकादमाला म्हणालो, थर कमी करा. तो म्हणतो, कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दाखव. सरांना विचारू का नको?"

अकरावीच्या पुस्तकात आहे ते, मामा. मी दर वर्षी पंधरा मिनिटांत शिकवतो.