माझ्या नाकावरचा कोळी

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात लोक मूर्ती बघायला येतात. ही पोरगी आली ती थेट भिंतीला नाक लावून उभी राहिली. रोह्याहून कोळी शोधत आलेय म्हणाली, गळ्यात भिंग आणि हातात पारदर्शक डबी. मी डोळ्यांची आखणी करत होतो. माझ्या हातचे गणपती गिऱ्हाइकाला डोळा मारतात असं अख्खं पेण म्हणतं. निदान मी तरी म्हणतो.

तेवढ्यात सोंडेवर तांदळाएवढा कोळी दिसला. मी ब्रशने झटकणार, तोच ती ओरडली, "काका, नको!" कोळ्याने उडी मारली ती सरळ माझ्या नाकावर.

"हलू नका, शिंकू नका! हा आजवर फक्त केरळात सापडलाय. निसटला तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार नाय."

मी असा थिजलो, की कारागिरांनी मलाही रंग दिला असता. तिने फुंकर लागू नये म्हणून स्वतःचं तोंड दाबलं, डबी अलगद माझ्या नाकावर पालथी घातली आणि खालून कागद सरकवला. कोळी आत!

"एवढ्या लांबून आमच्याकडे कशाला आला गो हा?"

"आला नाय काका, इथंच असणार. बघायला आम्हीच उशिरा आलो."

डबी छातीशी धरून ती निघाली. हजारभर मूर्तींपैकी एकीकडेही तिने मान वळवली नाही. मला राग यायला हवा होता. पण पेणला येऊन, एकही गणपती न बघता, दर्शन झाल्यासारखा चेहरा घेऊन गेलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.