सुकतीचा काठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेचा जो नकाशा पहिला आला, त्यामागची कल्पना माझी नव्हती.

आठवीच्या मुलींना घेऊन मी खाडीवर गेलो होतो. काठाने चालायचं, मोबाईलच्या ॲपमध्ये जागा नोंदवायची आणि तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, कुठे मिळतात ते नकाशावर पाहायचं. वेळ भरतीची होती. लुगडं गुडघ्यावर खोचून, टोपली शेजारी ठेवून एक बाई पाणी उतरायची वाट बघत बसली होती. स्क्रीनवर डोकावून ती हसली.

"मास्तरांनू, तुमच्या मोबाईलाक सुकती ठावक नाय काय? पाणी उतारला काय येवा."

ओहोटीला आम्ही परत गेलो. ती पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपायची, थांबायची, मग वाकून मूठभर तिसऱ्या काढायची. मुली घाई करायला लागल्या की म्हणायची, "आधी पाय घाला गो, मगे बोट दाबा." नंतर नकाशा पाहिला, तर व्हाळाचं गोडं पाणी खाडीला मिळतं तिथेच ठिपक्यांची दाटी. हे मुलींनीच ओळखलं. माझा ऊर भरून आला, आजही येतो.

परीक्षकांनी विचारलं, ओहोटीला पुन्हा जायचं कुणाला सुचलं? "मला," मी म्हणालो. मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं. ते विचारून नकाशावर लिहायचं आणि त्याच मुलींसमोर खरं सांगायचं, एवढं माझं देणं अजून बाकी आहे.