तरतूदकाका

डब्यांच्या कारखान्यातल्या हिशेबनिसांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे. सगळे त्यांना तरतूदकाका म्हणत. कुणी ग्रॅच्युइटीचा विषय काढला, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "काळजी कशाला? तरतूद आहे." झालं, नाव चिकटलं. काकांनाही ते आवडायचं. खाली पत्रा कापणाऱ्या यंत्रांचा खडखडाट, वर माळ्यावरची कोंदट खोली. तिथं जन्म काढलेल्या माणसाला कुणी आधार मानतंय, हे काय थोडं झालं?

तरतूद होती, यात खोटं काही नव्हतं. वर्षअखेर मालक आकडा सांगायचे आणि काका ताळेबंदात ‘ग्रॅच्युइटीची तरतूद’ अशी ओळ लिहायचे; पैसे मात्र वेगळे काढले जात नसत. करसल्लागार मात्र दरवर्षी डोकं आपटायचा. "साहेब, नुसत्या तरतुदीवर करात सवलत मिळत नाही. कामगारांच्या मान्यताप्राप्त फंडात पैसे भरा, मग करखातं तो खर्च धरेल."

"आणि फंडात गेलेला पैसा मला पुन्हा हात लावू देतील?" मालक हसायचे. "भरू की कर. पैसा धंद्यात फिरू दे."

करखातं ती तरतूद खर्च मानायचं नाही, मालक कर भरायचे, आणि काका खाली येऊन चहा प्यायचे. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही असं नाही. पण पगार कधी थकला नव्हता. उगाच मध्ये तोंड घालून वाईटपणा कोण घेणार? असली माणसं कुणाचं वाईट करत नाहीत, नुसती गप्प बसतात. आणि सत्यानाश व्हायला तेवढं पुरतं.

डब्यांचे सांधे डाग देऊन जोडणारा कारागीर काकांचा जुना दोस्त. कारखान्याच्याच चाळीत एका खोलीत नवरा-बायको राहायचे. निवृत्त झालं की खोली सोडायची, हे ठरलेलं. ग्रॅच्युइटीच्या पैशातून अनामत भरून दोघांपुरती एखादी खोली घ्यायची, एवढंच त्यांचं मागणं. बायकोनं तर पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्याच्या निवृत्तीच्या आधीच कारखान्याला टाळं लागलं. पत्र्याच्या डब्यांना आता विचारतंय कोण? बँकेनं यंत्रं ओढून नेली, जागा चाळीसकट विकली. मालक परगावी मुलाकडे निघून गेले. जाताना त्यांनी कामगारांना सांगितलं, दावा लावा, मिळेल तेव्हा मिळेल.

काकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "अहो, पण तुम्ही तर म्हणायचात तरतूद आहे," ती म्हणाली. "तरतूद म्हणजे डब्यात काहीतरी असायला नको का?" काकांचीही ग्रॅच्युइटी त्याच ओळीत होती, आणि ते स्वतःसुद्धा त्या ओळीवर विसंबून होते, हे त्यांना तेव्हाच कळलं.

चाळ रिकामी करायच्या दिवशी काका मदतीला गेले. सामान दोन ढिगांत लावलेलं होतं. बायको लेकीकडे जाणार होती आणि कारागीर धाकट्या भावाकडे, कारण दोघांना एकत्र ठेवून घेण्याइतकी जागा कुणाकडेच नव्हती. पडद्याचं कापड कुठल्या ढिगात ठेवावं, हे त्या बाईला सुचत नव्हतं. ती ते हातातच धरून उभी होती.

"वहिनी, मी कधी खोटं बोललो नाही हो," काका म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय, भावजी?" ती म्हणाली.

कारागिरानं पिशवीची गाठ मारली. "काका, एक विचारू? करवाले ती तरतूद मानत नव्हते म्हणे. खरे पैसे नाहीत म्हणून?"

"हो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

त्यानं काकांकडे पाहिलं. रागानं नव्हे, राग आला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"सरकारला दरवर्षी कळत होतं," तो म्हणाला. "मग आम्हाला एकदा तरी सांगायचं होतंत."