सुट्टी नको म्हणणारा पेशंट

व्यसनमुक्ती केंद्रातून कधी एकदा घरी जातो असं सगळ्यांना व्हायचं. वाइंडिंगवाला तेवढा पाय रोवून बसला होता. पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरावी तर त्यानेच. पण दारूपायी दुकान बसलं आणि शेवटी मेहुण्याने त्याला उचलून इथे आणलं. आता हात थरथरायचे थांबले होते.

डॉक्टर म्हणाले, "झालं की! जा आता घरी."

"राहू द्या अजून थोडं. मनाचा भरवसा नाही."

केवढं कौतुक झालं त्याचं! बायको भेटायला आली की हरखून जायची. "घरी आलात की सगळं पहिल्यासारखं," ती हळूच म्हणाली आणि लाजली. त्याने विषय बदलून दुकानाचं विचारलं.

गटाच्या बैठकीत समुपदेशक ताईंनी विचारलं होतं, "प्यायल्यावर बाहेर कुणाबरोबर झोपलात, निरोध वापरला का, आठवतं?" बाकीचे खिदळले. त्याला आठवत होतं ते अर्धंमुर्धं. गुत्त्यामागची खोली, पत्र्याचं दार, एक बाई. पुन्हा कधीतरी दुसरी. निरोधाचं काही केल्या आठवेना. रक्त तपासायचं म्हटलं की तो संडास गाठायचा.

एकदा ताईंनी त्याला व्हरांड्यातच गाठलं. "इथे दडून बसलात म्हणून बायको वाचली, असं वाटतं? भरती होण्याआधी तिच्याजवळच झोपत होतात ना?"

तो ताईंच्या मागोमाग रक्त द्यायला गेला. हा हिशेब त्याने केलाच नव्हता.

तपासणीत एचआयव्ही निघाला. ताईंसमोरच त्याने बायकोला सांगितलं. ती रडली नाही. "आणि मी?" एवढंच तिने विचारलं.

तिच्या रक्तात काही निघालं नाही. पुन्हा एकदा तपासायला मात्र सांगितलं. तो घरी आला. गोळ्या नेमाने घेतल्यास माणूस चांगला जगतो, शिवल्याने काही होत नाही, हे ताईंनी दोघांना समजावलं होतं. बायकोला ते पटलंही होतं. तरी ती गोळी त्याच्या हातावर ठेवत नाही, स्टुलावर ठेवते. त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत असतं. सोडून जा म्हणायची त्याला सोय नाही, जवळ ये म्हणायला तोंड नाही. दारूची तहान लागते तेव्हा तो तार गुंडाळत बसतो.

"नवरा अगदी सुधारला हो तुमचा," शेजारीण म्हणते.

"हो ना," बायको म्हणते आणि आत जाते.