टेप बंद केल्यावर ऐकलेला श्वास

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय.

माझे वडील, नाना, सुरतला रातपाळीत लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवतात. परवा चालू लूमसमोर उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला, हात थोडक्यात वाचला. म्हणून आज दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांची झोप तपासायला घेतली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी.

पण त्या शांत खोलीत नानांना झोपच येईना! सुरतच्या डिंडोली भागात आमच्या खोलीखालीच लूम चालतात, त्या खडखडाटात झोपायची सवय. शेवटी भाऊ लूमचा आवाज कॅसेटवर टेप करून घेऊन आला. लावताच नाना गाढ झोपले.

मग डॉक्टरांनी टेप हळूहळू बंद केली. आधी घोरणं ऐकू आलं. मग काहीच नाही. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला.

"त्यास्ना श्वास थांबना!" श्वास थांबला म्हणत माय ओरडली आणि त्यांना उठवायला धावली. डॉक्टरांनी तिला अडवलं. तेवढ्यात नानांनी धडपडून श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"झोपेत श्वास अडकतो, हाच आजार. उपचार आहे," डॉक्टर म्हणाले. "घरी कधी ऐकलं नाही?"

त्या खडखडाटात कसं ऐकणार?

मी घरून निघाले तेव्हा खाली लूम चालूच होते. नाना झोपले होते, आणि माय त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

तुमच्या घरी झोपलेल्या माणसाकडे कोणाचं लक्ष आहे?